चीक पाजला का?

माझ्या पहिल्या साहेबांनी मला वासरं दिली, कारण बैल द्यायची त्यांची तयारी नव्हती.

बासष्ट साली पशुवैद्यकाची पदवी घेऊन मी नोकरीवर हजर झाले, तेव्हा सगळ्या विभागात मी एकटीच बाई. साहेबांनी आधी माझ्या कागदांकडे पाहिलं, मग माझ्या साडीकडे आणि मग खिडकीबाहेर खांबाला बांधलेल्या खिलार बैलाकडे. म्हणाले, "तुम्ही असं करा बाई, वासरांचं बघा. लहान जनावर असतं, तुम्हाला झेपेल."

वासरांचं काम दुय्यम, असं तेव्हा सगळेच मानत. गाय दूध देते, बैल नांगर ओढतो, वासरू नुसतं हंबरतं. मोठे संशोधक घटसर्प, फऱ्या, बुळकांडी असल्या नावाजलेल्या रोगांवर बसलेले. मी काही वाद घातला नाही. बैलाला पाडण्यात मला फारसा रस नव्हता आणि वासरं का मरतात हे कुणालाच नीट सांगता येत नव्हतं. जिथं कुणाला काही सांगता येत नाही तिथं आपल्याला जागा असते, एवढं मला त्या वयातही कळत होतं.

आम्ही चिंचवडगावात दोन खोल्यांत राहत होतो. यजमान पिंपरीच्या एका कारखान्यात सुपरवायझर. ते शिफ्टला सायकलनं जात, मी गाडीनं दापोडीला उतरून पुढं प्रयोगशाळेपर्यंत चालत जाई. सुरुवातीची काही वर्षं मी लस तयार करण्याच्या खोलीत काढली. काचेच्या बाटल्या उकळणं, सुया धुणं, रक्त घेणं, नोंदी ठेवणं. हात तयार झाला तो तिथंच. हुंदडणाऱ्या वासराला गुडघ्यांत धरून मानेच्या शिरेतून चमचाभर रक्त काढायला मला मिनिटही लागत नसे. पुढं पुढं बाकीचे डॉक्टरसुद्धा अवघड वासरू असलं की मला बोलावत. साहेब तेवढं बघून न बघितल्यासारखं करत.

सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला चित्र बदललं. पिंपरी, भोसरी, चिंचवड सगळीकडे कारखाने उभे राहत होते. सातारा, सोलापूर, मराठवाडा, कुठून कुठून माणसं येत होती आणि सगळ्यांना सकाळच्या चहाला दूध हवं होतं. गावठी गाय वाटी-दोन वाट्या देणार, त्यात भागेना. म्हणून सरकारनं विलायती वळूचं रेतन सुरू केलं. मोशी, कुरुळी, चाकण, थेट खेडपर्यंत संकरित वासरं जन्मू लागली. कपाळावर चांद, मोठाले डोळे, अशी देखणी वासरं. सगळं गाव बघायला यायचं. आणि दुसऱ्या आठवड्यात त्याला पांढरी हगवण लागायची, डोळे खोल जायचे, तीन दिवसांत खेळ खलास.

"विलायती वासरू हितं तगत न्हाई," असं गावोगाव बोललं जाऊ लागलं. चाकणच्या बाजारात तर एकानं माझ्या तोंडावर सांगितलं, "तुमची गोरी वासरं तुमच्या हाफिसातच ठेवा बाई."

साहेबांचं म्हणणं असं की हगवण जंतूंमुळे होते, तेव्हा जंतूंवर लस करायची. ते चूक नव्हतं. लस आम्ही केली, मीच केली. दोन पावसाळे ती टोचत फिरलो आणि फरक काही पडला नाही. टोचलेली वासरं मेली, न टोचलेली जगली, उलटंही झालं. मला मात्र एक गोष्ट खटकत होती. एकाच गावात, एकाच वळूची वासरं, एका घरात सलग मरत आणि पलीकडच्या घरात सलग जगत. जंतू काही घर बघून शिरत नाहीत.

त्याच सुमारास एका परदेशी मासिकात मला एक साधी चाचणी सापडली. गाय व्याली की पहिलं जे घट्ट पिवळं दूध येतं, तो चीक. रोगाशी लढायची ताकद वासरू आईच्या पोटातून घेऊन येत नाही, ती त्याला चिकातून मिळते. आणि ती रक्तात शिरण्याचा मार्ग जन्मानंतर जेमतेम एक दिवस उघडा असतो. पहिल्या काही तासांत चीक पोटात गेला तर गेला. हे सगळं आम्ही कॉलेजात शिकलो होतो. चाचणी एवढंच सांगत होती की तो खरोखर गेला की नाही हे रक्तावरून ओळखता येतं. रक्त गोठलं की वर पिवळसर पाणी सुटतं. त्याचे थेंब झिंक सल्फेटच्या द्रावणात टाकायचे. चीक वेळेवर मिळाला असेल तर नळी ढगाळ होते. मिळाला नसेल तर नळी नितळ राहते.

मी आठवडाभर गावांतून रक्त गोळा केलं आणि एका सकाळी नळ्या ओळीनं लावल्या. तासाभरानं पाहिलं तर निम्म्याहून जास्त नळ्यांमधून पलीकडची भिंत स्वच्छ दिसत होती.

असं व्हायला नको होतं. कारण आमच्याकडे छापील तक्ते होते. त्यांत रकाना होता, "चीक पाजला का?" आणि त्या रकान्यात प्रत्येक वासरापुढं गावोगाव फिरून नोंदी आणणाऱ्या आमच्या पर्यवेक्षकाच्या सुबक अक्षरात "होय" लिहिलेलं होतं. दोन वर्षं त्या "होय"वर विसंबून मी चिकाचा विचारच बाजूला ठेवला होता.

मी द्रावण नवीन केलं, नळ्या पुन्हा धुतल्या, पुन्हा तेच. साहेबांना नेऊन दाखवलं. त्यांनी एक नळी उजेडाकडे धरली.

"तक्ता काय म्हणतो?"

"होय म्हणतो, सर."

"मग तुमचं रसायन चुकलं."

"रसायन दोनदा केलंय. माझ्या मते तक्ता चुकलाय."

"बाई, त्या पर्यवेक्षकाची नोकरी तुमच्यापेक्षा दुप्पट झालीय. शेतकरी त्याच्याशी खोटं कशाला बोलेल?"

मी म्हटलं, "मी स्वतः जाऊन विचारते." ते म्हणाले, "जा. पण जीप मिळणार नाही."

मी एसटीनं गेले. नाशिक रस्त्यावर चाकणच्या अलीकडे उतरलं की आत पाऊण तास चालून एक वस्ती लागे. तिथल्या एका घरात लागोपाठ तीन संकरित वासरं गेली होती. घरधनी ओट्यावरच भेटला. मी विचारलं, "चीक पाजला होता का?"

"व्हय की. न पाजून कसं चालंल?" तो अगदी मनापासून बोलत होता.

"कधी पाजला?"

"लगेच."

मी वहीत लिहिलं आणि गोठा बघायला मागं गेले. तिथं त्याची बायको शेण काढत होती. माझ्यापेक्षा दहाएक वर्षांनी मोठी असेल. कपाळावर आडवं कुंकू, पदर कमरेला खोचलेला. मी गव्हाणीच्या कडेला टेकले, पाणी मागितलं, इकडचं तिकडचं बोलले. माहेर कुठलं, मुलं किती, गाय कुठून आणली. मग म्हटलं, "मावशी, गाय व्याली की वासराला पहिल्यांदा कधी पिऊ देता?"

"वार पडल्यावर," ती मान वर न करता म्हणाली.

वार म्हणजे वासरानंतर गाईच्या पोटातून बाहेर येणारं जाळं. ते कधी चार तासांनी पडतं, कधी दहा तासांनी, कधी दुसऱ्या दिवशी.

"आणि तोवर?"

"तोवर न्हाई लावायचं थानाला. वार आत अडकती. आमच्या आत्याबाईंचा तसा दंडक हाय."

"आणि वार पडल्यावर लगेच लावता?"

"पयला चीक काढून देवाला. मंग भावकीत वाटायचा खरवसाला. ऱ्हाईला तर वासराला."

"पण मालक तर म्हणाले, लगेच पाजतो."

आता तिनं शेणाचे हात तसेच धरून माझ्याकडे पाहिलं. "बाई, तुमचा मानूस येतो त्यो वट्यावर बसून मालकास्नी इचारतो. मालकास्नी काय ठावं? त्ये कवा गोठ्यात अस्त्यात का? आमाला कुनी इचारलंच न्हाई."

मी तिथंच हसू लागले. रागही आला होता, पण तो तिच्यावर नाही, मालकावरही नाही. तो बिचारा खोटं बोललाच नव्हता, त्याला खरंच तसं वाटत होतं. राग माझा मला आला. पर्यवेक्षक पुरुष, तो पुरुषांना विचारणार, हे साहेबांच्या ध्यानात आलं नाही तर समजू शकते. पण मी बाई असून दोन वर्षं प्रयोगशाळेत बसून ते "होय" मोजत राहिले होते.

त्या दिवसापासून मी ओट्यावर बसणं बंद केलं. पुढच्या महिनाभरात वीस-बावीस गोठ्यांत जाऊन बायकांशी बोलले. प्रत्येक घराचा रिवाज थोडा वेगळा. कुठं वार पडेपर्यंत थांबत, कुठं चीक वासराला बाधतो म्हणून गुळाचं पाणी देत. आणि काही घरांत, बहुतेक जिथं सासू नव्हती आणि सुनेला कुणी सांगायला नव्हतं, तिथं वासरू धडपडत उठे आणि आपलं आपण पिऊन घेई. वासरं जगत होती ती याच घरांत. वहीतल्या नोंदी आणि नळ्या शेजारी शेजारी ठेवल्या तेव्हा त्यांचं एकमेकांशी इतकं जमलं की मी खोलीत एकटीच असताना मोठ्यानं "अस्सं!" म्हणाले.

कळणं वेगळं आणि सासूबाईंचा दंडक मोडणं वेगळं. मावशीच्या आत्याबाई, म्हणजे तिच्या सासूबाई, सत्तरीच्या पुढच्या, कणखर. त्यांची गाय पुन्हा गाभण होती. मी त्यांच्यापुढं बसून सगळं समजावलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "पोरी, तू शिकलेली हायेस. पन माझ्या डोळ्यांनी मी वार अडकून गाय मेल्याली पाहिली हाय. तू पाहिलीस?"

"पाहिलीय आजी," मी म्हटलं. "पण वासरू ओढायला लागलं की गाईच्या पोटाला कळ येते. त्यानं वार लवकर सुटते. अडकत नाही."

"आन अडकली तर?"

"तर मी इथंच बसेन आणि माझ्या हातानं काढेन. गाईला काही झालं तर या गोठ्यात पुन्हा पाय ठेवणार नाही."

आत्याबाई मावशीकडे बघून म्हणाल्या, "गाय तुझी, तू धुतीस, तू धार काढतीस. तुझं तू बघ." मावशीनं क्षणभर विचार केला. "बसू द्या त्यांना, आत्याबाई. तीन गेलीच की तुमच्या रीतीनं." असं ती सासूला म्हणाली आणि स्वतःच दचकली. म्हातारीनं तोंड फिरवलं, पण नको म्हटलं नाही.

गाय व्यायच्या बेताला आली तसा मला निरोप आला. मी सकाळची एसटी पकडून पोचले. दहाच्या सुमारास कालवड झाली, तांबूस, पाय लांबच लांब. गाईनं ती चाटून कोरडी केली. अर्ध्या तासात ती उभी राहिली, पडली, पुन्हा उभी राहिली. मावशीनं कास कोमट पाण्यानं धुतली आणि कालवडीचं तोंड सडाला लावलं. पहिल्यांदा तिला जमेना. मावशीनं बोटाला चीक लावून तिच्या तोंडात घातलं, तशी ती जी चिकटली ती सोडेना. गोठ्याच्या दारात वस्तीतल्या दहा-बारा बायका उभ्या होत्या.

मग आम्ही वारेची वाट बघत बसलो. बारा वाजले, एक वाजला. म्हातारी उंबऱ्यात बसून एकटक गाईकडे पाहत होती. मला वाटत होतं त्यापेक्षा उशीर होत होता. भाकरी समोर आली, ती मी तशीच झाकून ठेवली. मी बाहेरून शांत होते, एवढं मात्र मला साधलं होतं. दोन वाजायच्या आत गाय दोनदा कण्हली आणि वार सबंध पडली. म्हातारी उठली, वाकून ती नीट निरखली, कुठं फाटलीय का पाहिली आणि सुनेला म्हणाली, "च्या टाक बाईला."

दुसऱ्या दिवशी मी रक्त घ्यायला गेले तेव्हा सगळं सामानच घेऊन गेले. नळ्या, द्रावण आणि हातानं गरागरा फिरवायचं छोटं यंत्र, ज्यानं पाणी रक्तापासून वेगळं होतं. आठवड्यापूर्वी शेजारच्या वाडीत जन्मलेल्या, जुन्या रीतीनं वाढणाऱ्या एका वासराचंही रक्त आणलं होतं. दोन्ही नळ्या मी चुलीजवळच्या फळीवर ठेवल्या. बायका भोवती वाकल्या. कालवडीची नळी हळूहळू ताकासारखी झाली. दुसरी तशीच नितळ.

"म्हंजी निवळ पानी चांगलं ना?" एकीनं विचारलं.

"नाही. इथं गढूळ तेच चांगलं."

यावर एवढा हशा पिकला की मालक ओट्यावरून काय झालं बघायला आत आले. ते वाक्य पुढं माझ्या आधी गावात पोचायचं. "गढूळवाल्या बाई आल्या," म्हणत बायका रक्त काढायला वासरं धरून उभ्या राहत.

कालवड जगली. मी हुरळून गेले आणि पुढच्याच गावात नको ते बोलले. "पहिल्या तासात चीक पाजा, वासरू मरणार नाही," असं ठाम सांगितलं. तिथल्या एका बाईनं सासरा, दीर सगळ्यांशी भांडून वासराला तासाच्या आत चीक पाजला. वासरू बाराव्या दिवशी मेलं. मी गेले तेव्हा ती दारात उभी होती आणि मला आत बोलावलं नाही.

"तुमी सांगितलं तसंच केलं," एवढंच ती म्हणाली.

मी मेलेलं वासरू बघू द्या म्हटलं. नळी ढगाळच आली असती, यात शंका नव्हती. पण बेंबी मुठीएवढी सुजली होती आणि आत पू. नाळेवाटे जंतू शिरले होते. चीक पुष्कळ करतो, सगळं करत नाही. हे मला माहीत होतं आणि तरी कौतुकाच्या नादात मी ते सांगितलं नव्हतं. घरच्या सगळ्यांसमोर मी म्हटलं, "यांनी केलं ते बरोबरच केलं. मी अर्धंच सांगितलं. चूक माझी आहे." मी पिशवीतली टिंक्चर आयोडीनची बाटली काढून तिच्या हातात दिली आणि नाळेला कसं लावायचं ते दाखवलं. वर्षभरानं तिच्या गोठ्यात धडधाकट गोऱ्हा उभा होता, पण माझ्याशी ती पुन्हा कधी मोकळेपणानं बोलली नाही. त्यानंतर "मरणार नाही" हे शब्द मी कधी कुणापुढं उच्चारले नाहीत.

राहिला खरवसाचा प्रश्न. भावकीत चीक वाटला नाही तर बोल लागतो, हे बायकांचं म्हणणं खरं होतं. खुद्द माझ्या घरी यजमानांचे कारखान्यातले सोबती गावाकडून चीक आणून देत आणि यजमान वेलदोडे काढून तयार बसत. मी काही दिवस घरात खरवस बंद केला. एका रविवारी ते म्हणाले, "अगं, गाय एका वेळेला एवढा चीक देते. वासरू सगळा पितं का?" पीत नाही. मी त्यांच्याकडे पाहतच राहिले. संकरित गाईला तर वासराला पुरून उरेल इतका चीक येतो. पहिल्या दोन वेळचा वासराला पोटभर, उरलेला देवाला आणि भावकीला, असं मी सांगू लागले आणि निम्मा विरोध आपोआप मावळला. हा शोध यजमानांचा, असं मी पुढं भाषणांतूनही सांगितलं. त्यांना ते फार आवडायचं.

साहेबांपुढं मी सगळ्या नोंदी मांडल्या तेव्हा ते म्हणाले, "हे संशोधन आहे की गृहशास्त्र?" मी म्हटलं, "सर, तुम्ही एकदा चला." त्यांना यायला वर्ष लागलं. पण आले आणि मावशीच्या गोठ्यात तिनं त्यांना उभ्या उभ्या अर्धा तास शिकवलं. मध्ये त्यांनी मालकांना काहीतरी विचारलं, तर मालक म्हणाले, "त्ये हिला इचारा." परतताना जीपनं मोशीला इंद्रायणीचा पूल ओलांडल्यावर साहेब म्हणाले, "तक्ता बदलायला पाहिजे."

तक्ता मी बदलला. "चीक पाजला का?" हा रकाना काढला. त्या जागी दोन रकाने आले. वासरू किती वाजता जन्मलं, आणि पहिल्यांदा किती वाजता प्यालं. खाली सूचना छापली: माहिती गोठ्यात काम करणाऱ्या व्यक्तीकडूनच घ्यावी. आमचा जुना पर्यवेक्षक नाराज होईल असं वाटलं होतं. त्यानं उलट बायकोला बरोबर न्यायला सुरुवात केली आणि त्याचे तक्ते सगळ्यांत खरे भरले जाऊ लागले.

साहेब निवृत्त झाले आणि काही वर्षांनी त्यांच्या खुर्चीवर मी बसले. तोवर ऐंशी साल उलटलं होतं. वाकडच्या बाजूला अजून ज्वारीची शेतं होती, भोसरीकडे मात्र कारखान्यांच्या भिंती गोठ्यांना येऊन भिडल्या होत्या आणि बायका पहिल्या पाळीच्या भोंग्यावर धारा काढत. खुर्ची मिळाली तरी आठवड्यातले दोन दिवस मी बाहेर फिरत असे.

अशीच एकदा खेडच्या पुढं, जिथं मी आधी कधी गेले नव्हते अशा एका वाडीत गेले. गाय नुकतीच व्याली होती. वासरू थरथरत सड शोधत होतं. सवयीनं मी पुढं झाले, त्याची नाळ बघायला खाली वाकले, तशी गोठ्यातल्या तरुण सुनेनं हात आडवा घातला. मी कोण हे तिला माहीत नव्हतं.

"बाई, जरा मागं व्हा. आजून पंधरा मिंटं झाली न्हाईत. आदी त्याला पिऊ द्या, मग काय बघायचं त्ये बघा."

माझ्याबरोबरचा नवा डॉक्टर तिला माझी ओळख करून द्यायला लागला. मी त्याला खुणेनं थांबवलं आणि गव्हाणीपाशी जाऊन उभी राहिले. वासरानं दोनदा हुकवलं, तिसऱ्यांदा सड तोंडात धरला आणि शेपटी हलवत प्यायला लागलं.